गव्हाचे बी कोठे पडते?

शेत नांगरून, कुळवून भुसभुशीत केल्यावाचून गहू पेरू नये, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे. मशागतीत कसर करणारा शेतकरी आळशी समजला जातो. या धारणेची परीक्षा भोपाळच्या नबीबाग भागातील दोन संस्थांनी आपल्या प्रक्षेत्रांवर केली आहे. केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था १९७६ साली स्थापन झाली, तर भारतीय मृदा विज्ञान संस्था १९८८ साली.

माळव्याची काळी माती ही विदर्भातील काळ्या मातीची सख्खी बहीण होय. पावसाळ्यात सोयाबीन आणि रब्बीत गहू, हा तिकडचा रिवाज. सोयाबीन निघते त्या वेळी मातीत पावसाची ओल असते. नांगर फिरला की ढेकळे वर येतात आणि ती ओल उडून जाते. मग पाणी द्यावे, वाफशाची वाट पाहावी, यात पेरणी लांबते. आणि दाणा भरण्याच्या वेळी गहू मार्चच्या उन्हात सापडतो.

संवर्धित शेतीचे नियम तीन : माती कमीत कमी हलवावी, मागील पिकाचे अवशेष रानावर राखावेत, पिकांची फेरपालट करावी. परंतु न नांगरलेल्या रानात बी नीट पडावे कसे, हा खरा प्रश्न आहे. फोकून पेरल्यास बी पाचोळ्यावरच अडकते व पाखरांच्या मुखी जाते. शून्य मशागत पेरणीयंत्र अरुंद चीर पाडून सुमारे ५ सेंटिमीटर खोल, ओलीत बी ठेवते. सोयाबीनचा पाचोळा हलका असतो. धान वा मक्याचे काड जाड असल्यास ते दात्यांत अडकते. तेथे काड बाजूला सारून पेरणारे, पंजाबात सिद्ध झालेले हॅपी सीडर उपयोगी पडते. पाणी साचणाऱ्या रानात रुंद वरंबे करून तेच वर्षानुवर्षे राखावेत. पावसाळ्यात सरीतून जादा पाण्याचा निचरा होतो आणि रब्बीत त्याच सरीतून गव्हाला पाणी देता येते.

गव्हाची मुकुटमुळे सुमारे २१ दिवसांनी जमिनीच्या वरच्या थरात फुटतात. तो थर कोरडा असेल तर मुळे खुंटतात व फुटवे कमी येतात. पाचोळ्याचे आच्छादन नेमकी तेथेच ओल राखते.

या पद्धतीला पथ्येही आहेत. नांगरट नसल्याने तणांकडे लक्ष ठेवावे लागते. काड कुजविणारे जिवाणू नत्र ओढून घेतात. म्हणून खत वर न फेकता बियाच्या बाजूस व खाली पेरावे. पहिल्या एकदोन वर्षांत उत्पन्न वाढेलच असे नाही; मात्र डिझेल आणि पेरणीचे दिवस निश्चित वाचतात. आणि एप्रिलमध्ये गव्हाचे काड पेटविले, तर पुढील पिकाचे आच्छादनच जळून जाते.

सारे शेत एकदम बदलावे, असा माझा आग्रह नाही. अर्धा एकर राखून पाहा. तीन आठवड्यांनी दोन्हींकडची चार-चार रोपे उपटा, मुळे शेजारी ठेवून पाहा, आणि मग पुढील वर्षाचा निर्णय घ्या.