वाढदिवसाची आगगाडी

लहान मुलाला ज्या ज्या वस्तूंचें वेड लागतें, त्यांत आगगाडीचा मान पहिला आहे. मोटार दारावरून रोज जाते. विमान फार उंचावरून जातें आणि नीट दिसण्यापूर्वीच नाहींसें होतें. आगगाडीचें तसें नाहीं. ती ठराविक ठिकाणीं थांबते, तिच्यांत माणसें चढतात, उतरतात, कोणी निशाण दाखवितो, कोणी शिटी वाजवितो, आणि मग एवढें मोठें प्रकरण डब्यामागून डबा ओढीत हळूहळू चालूं लागतें. या सर्व खटाटोपाला एक क्रम आहे, आणि तो क्रम चार-पांच वर्षांच्या मुलाच्या बुद्धीला पुरता समजतो. म्हणूनच घरांत दोन खुर्च्या एकामागें एक लागल्या कीं मुलांची गाडी सुरू होते. वाफेचें इंजिन कधीं पाहिलेलें नसलें तरी आजचें मूलहि तोंडानें ‘झुकझुक’च करतें. रुळांवरून ती वाफ केव्हांच गेली. खेळांतून मात्र गेलेली नाहीं.

तेव्हां पांचव्या वाढदिवसाला ‘मला आगगाडी पाहिजे’ असा हट्ट एखाद्या मुलानें धरला तर त्यांत नवल नाहीं. प्रश्न पडतो तो वडील माणसांना. बाजारांत हल्लीं या हट्टाचें तयार उत्तर मिळतें. इंजिनाच्या आकाराचा केक, भिंतीवर चिकटवावयाचे रंगीत डबे, टोप्या, फुगे, पाहुण्या मुलांना द्यावयाच्या एकसारख्या भेटी, सर्व कांहीं पैसे मोजले कीं घरपोंच येतें. सभागृह भाड्यानें मिळतें आणि मुलांना खेळविणारा मनुष्यहि मिळतो. असा समारंभ नेटका होतो, छायाचित्रेंहि चांगलीं निघतात. परंतु ज्याचा वाढदिवस, त्याला दोन तास एकच काम उरतें. तें म्हणजे नवे कपडे न मळवितां उभें राहणें आणि सांगतील तिकडे पाहून हंसणें. ज्या खेळाकरितां त्याचा जीव उतावीळ झालेला असतो, तो खेळ त्याच्या वांट्याला येतच नाहीं.

कोल्हापूरच्या मुलाचा तर आगगाडीवर कांहीं विशेष हक्क आहे. या देशांतील पहिली उतारूंची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली, तेव्हां तिला चौदा डबे होते आणि सुमारें चारशें निमंत्रित तींत बसले होते. ती गाडी कोल्हापुरास येण्यास आणखी अडतीस वर्षें लागलीं. कोल्हापूर-मिरज मार्गाच्या कामाचा आरंभ १८८८ सालीं झाला. त्या प्रसंगीं पहिली कुदळ मारण्याचा मान ज्यांच्याकडे गेला, ते छत्रपति शाहू महाराज तेव्हां अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते. राज्याधिकार हातीं येण्यास अद्याप सहा वर्षें अवकाश होता. १८९१ सालीं गाडी धांवूं लागली, आणि आज कोल्हापूरचें रेल्वेस्थानक त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. करवीरच्या आगगाडीची मुहूर्तमेढ अशी एका कुमाराच्या हातून रोवली गेलेली आहे. ही हकीकत घरांतील मुलाला वाढदिवसाच्या आदल्या रात्रीं गोष्ट म्हणून सांगण्यासारखी आहे.

कोल्हापूर ते मिरज हा मार्ग सुमारें सत्तेचाळीस किलोमीटरांचा. त्यावरील स्थानकें मोजकीं आणि नांवें मोठीं गोड आहेत. तीं घरांत मांडणें मुळींच अवघड नाहीं. किराण्याच्या दुकानांतून आठ-दहा पुठ्ठ्याचीं खोकीं आणावींत, त्यांचे तळ काढावे, बाजूंस सुतळीचे पट्टे लावावे, म्हणजे एकेक मूल एकेका खोक्यांत उभें राहून तें खांद्यावर अडकवूं शकतें. खोकीं रंगविण्याचें काम आठवडाभर आधीं मुलाच्याच स्वाधीन करावें. रंग ओघळतील, चाकें वांकडीं होतील; तीं तशींच राहूं द्यावींत. बैठकीची खोली हें कोल्हापूर. तेथून दारापाशीं गूळ मार्केट, व्हरांड्यांत वळिवडें, मग रुकडी, हातकणंगलें, जयसिंगपूर आणि माजघराच्या टोंकाला मिरज. गूळ मार्केटला चिमूटभर गूळ व शेंगदाणे मिळावे. रुकडीजवळ खरी गाडी पंचगंगेवरून जाते, म्हणून तेथें निळें लुगडें पसरून वर पाट मांडावे व पूल करावा. पुलावर गाडीनें हळू जावयाचें. हातकणंगल्याला उसाचे तुकडे, जयसिंगपूरला कमी तिखटाचें भडंग. मिरजेची कीर्ति तंबोऱ्या-सतारींची. म्हणून तेथें उतरल्यावर प्रत्येकानें एक गाणें म्हणावें, मग जेवण. जयसिंगपूर हें गांव शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नांवानें वसविलें, हें ज्याला ठाऊक असेल त्या मुलाला भडंगाची एक मूठ अधिक द्यावयास हरकत नाहीं.

वळिवड्याला मात्र थोडा वेळ अधिक थांबावें. या लहानशा स्थानकाशेजारीं १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंड देशांतील सुमारें पांच हजार निर्वासितांची वसाहत होती, आणि तींत बहुसंख्य स्त्रिया व मुलें होतीं. दुसऱ्या महायुद्धांत त्यांतल्या कित्येकांना घरांतून ओढून मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून रशियाच्या दूरच्या भागांत नेण्यांत आलें होतें. तेथून सुटका झाल्यावर इराणमार्गें तीं हिंदुस्थानांत आलीं, आणि कोल्हापूरच्या भूमीनें त्यांना आसरा दिला. त्यांच्या शाळा येथें भरल्या, त्यांचे सण येथें झाले. एका गाडीनें ज्या मुलांचें घर हिरावून नेलें, त्यांनाच दुसऱ्या गाडीनें वळिवड्याच्या फलाटावर आणून सोडलें. पांच वर्षांच्या मुलाला युद्धाची कथा सांगण्याचें कारण नाहीं. ‘येथें फार लांबून आलेलीं मुलें उतरत, त्यांना आपली भाषा येत नसे, आणि गांवानें त्यांना जागा करून दिली’ एवढें सांगितलें तरी पुरे. मग खेळांतल्या गाडीनेंहि वळिवड्याला एक नवा डबा जोडावा. ज्या मुलाला समारंभाचें आमंत्रण सहसा मिळत नाहीं, शेजारीं नवें राहावयास आलेलें असेल, घरीं धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचें असेल, त्याची जागा त्या डब्यांत राखलेली असावी. त्याला मागाहून बोलावल्यासारखें न वाटेल अशी काळजी मात्र घ्यावी. त्याचें खोकें आधींच रंगविलेलें व नांव घातलेलें असावें.

आतां खरी अडचण. वाढदिवसाच्या मुलाला सर्व वेळ इंजिनच व्हावयाचें असतें. खोकीं त्याचीं, घर त्याचें, दिवस त्याचा. मग दुसऱ्यानें इंजिन कां व्हावें? येथें रडारड होते आणि पुष्कळ आया ‘आज त्याचा वाढदिवस आहे, होऊं दे त्यालाच’ म्हणून निकाल लावतात. हा निकाल सोयीचा असला तरी मुलाच्या हिताचा नाहीं. त्यापेक्षां रेल्वेचाच कायदा पुढें करावा. गार्डानें हिरवें निशाण दाखविल्याखेरीज ड्रायव्हरला गाडी हलवितां येत नाहीं, मग ड्रायव्हर कोणी कां असेना. एकेरी मार्गांवर तर आणखी एक बंधन दीर्घकाळ पाळलें जात असे. दोन स्थानकांमधील मार्गासाठीं यंत्रांतून एका वेळीं एकच लोखंडी गोळा बाहेर निघे, आणि तो गोळा ज्याच्या हातीं, त्याच्याच गाडीला पुढें जाण्याची मुभा. त्यामुळें समोरासमोर दोन गाड्या येण्याचा धोका टळे. घरच्या गाडीलाहि असा एक चेंडू असावा. प्रत्येक स्थानकावर चेंडू दुसऱ्याच्या हातीं जावा; ज्याच्या हातीं चेंडू तो इंजिन, आणि आधींचें इंजिन शेवटचा डबा होऊन गार्डाचें निशाण घेणार. २०२२ पासून रेल्वेनें गार्डाला ट्रेन मॅनेजर हें नांव दिलें आहे, तरी खेळांत तो गार्डच राहो.

आईनें ‘दुसऱ्याला दे’ म्हटलें तर मुलाला तो अन्याय वाटतो. ‘गोळा पुढच्याला द्यावयाचा असतो’ हा नियम मात्र तें आनंदानें पाळतें, कारण त्याखेरीज गाडी चालणार नाहीं हें त्याला दिसतें. आपल्या वस्तूवर आपला अधिकार असतो, पण खेळ नियमाचा असतो, ही गोष्ट उपदेशानें मुलाच्या गळीं उतरत नाहीं. गाडी अडली कीं ती त्याची त्याला पटते.

तिकिटांचें खातें आजोबांकडे द्यावें. पुठ्ठ्याचें जाड, लहान तिकीट आणि त्यावर तारीख उमटविणारें यंत्र त्यांच्या पिढीनें पाहिलेलें आहे. तिकिटें सर्व एकाच रंगाचीं असावींत. पहिला वर्ग, तिसरा वर्ग असले भेद त्यांवर घालूं नयेत. गाडीच्या डब्यानें या देशांत जें एक मोठें काम केलें, तें हेंच कीं एरवीं एकमेकांच्या सावलीलाहि न येणारीं माणसें तिकिटाच्या जोरावर एका बांकावर येऊन बसलीं. ज्या संस्थानांत १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं सरकारी नोकरींत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तेथल्या मुलांच्या गाडींत तरी वर्ग नसावेत. भेट म्हणून महाग वस्तु देण्याची गरज नाहीं. नांव व तारीख घातलेलें तिकीट आणि आपापलें खोकें घेऊन मुलें घरीं जातात, आणि दुसऱ्या दिवशीं त्या खोक्यांच्या गाड्या निरनिराळ्या अंगणांतून सुटतात.

या सर्वांत आपला जुना विधि सोडण्याचें कांहींच कारण नाहीं. सकाळीं न्हाऊं घालून पाटावर बसवावें, निरांजनानें ओवाळावें, मार्कंडेयाचें स्मरण करून गूळ व तीळ घातलेलें दूध द्यावें. संध्याकाळीं केक कापावयाचा असेल तर कापावा. मेणबत्ती फुंकावी कीं नाहीं यावर घरांत वाद घालून मुलाचा दिवस नासूं नये. ओवाळतांना आई मागते तें दीर्घायुष्य. त्या आयुष्यांत दुसऱ्यांबरोबर बसण्याचा सराव करून देणें हेंहि आईबापांचेंच काम आहे, आणि वर्षांतला एक दिवस त्यासाठीं नामी सांपडतो.

पाहुणे आठ-दहांहून अधिक नसावे आणि सर्व खेळ दीड तासांत आटोपावा. मुलें थकलीं कीं उत्तम बेतहि बिघडतो. पुढच्या रविवारीं जमल्यास मुलाला स्थानकावर न्यावें. फलाटाच्या कडेपासून मागें उभें करावें व गाडी सुटतांना शेवटच्या डब्याकडे पाहावयास सांगावें. त्या डब्याच्या दारांत हातांत हिरवें निशाण घेतलेला एक मनुष्य उभा असतो. बहुतेक उतारू त्याच्याकडे पाहतहि नाहींत. ज्या मुलानें आपल्या वाढदिवशीं इंजिन सोडून त्याचें काम केलें आहे, तें त्याला बरोबर ओळखील.