आवाजाचे बटण आणि वाद्याचे आयुष्य

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित भाग)



गणपती ही चौदा विद्या आणि चौसष्ट कलांची देवता. तेव्हा त्याच्या मांडवात गाण्यावर बोलतात तसे सोल्डरिंगवर बोलायलाही हरकत नसावी. आजचा विषय छोटा आहे : इलेक्ट्रॉनिक वाद्याचा आवाज कमी-जास्त करणारे बटण. या एका बटणापायी चांगली वाद्ये माळ्यावर जातात, म्हणून तो निवडला.

आपण राहतो त्या बंगळुरूतच जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. नोकरीनिमित्त गाव सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल सांगायला नको. लाकडी तानपुरा रेल्वेतून आणा, भोपळा सांभाळा, तारा जुळवून देणारा जाणकार शोधा, ही सगळी यातायात त्या पेटीने वाचवली. कित्येक घरांत सकाळचा रियाज तिच्यावरच चालतो. मग एक दिवस ती खरखरू लागते. कुणीतरी सांगते, "आता हिचे आयुष्य संपले, नवी घ्या." नवी घ्यायचे राहून जाते आणि हळूहळू रियाजही सुटतो. खरे तर पेटीतले बाकी सारे भाग बहुधा ठणठणीत असतात. बिघडलेला असतो तो एका वडापावच्या किमतीचा भाग.

त्या भागाला कारागीर 'पॉट' म्हणतात, म्हणजे पोटेन्शियोमीटर. आत घोड्याच्या नालेसारखा कार्बनचा पट्टा असतो आणि बटण फिरवले की त्यावरून धातूची एक बारीक पाती सरकते. बाहेर तीन पाय येतात. कडेच्या एका पायावर आवाजाचा सिग्नल येतो, दुसरा कडेचा पाय अर्थला जोडलेला असतो आणि मधल्या पायावरून पाती जेवढा सिग्नल उचलेल तेवढा पुढे जातो. एवढे लक्षात ठेवले तर निम्मे निदान घरबसल्या होते.

बटण फिरवतानाच खरखर होते आणि थांबले की बंद होते, तर पट्ट्यावर धूळ किंवा ओलाव्याचा थर आहे. ठरावीक एकाच जागी आवाज जातो, तर तिथला कार्बन झिजला आहे. बटण दाबले किंवा हलवले की आवाज येतो-जातो, तर पायाचा डाग सुटला आहे, ज्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. आवाज मुळीच नाही, तर सिग्नलचा किंवा मधला पाय तुटला असण्याची शक्यता पाहावी. आणि बटण कुठेही ठेवले तरी आवाज पूर्ण मोठा, तर अर्थचा पाय सुटला आहे. हा शेवटचा बिघाड मांडवात सर्वात वाईट. मिक्सरवर तो झाला तर समोर बसलेल्या लहान मुलांच्या कानांवर एकदम पूर्ण आवाज आदळतो आणि स्पीकरही जळू शकतो. म्हणून अँप्लिफायर सर्वात शेवटी चालू करावा आणि सर्वात आधी बंद करावा.

उपाय सोप्यापासून सुरू करावा. वाद्य बंद करून प्लग काढावा, सेल असतील तर तेही काढावेत. इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा, वंगण असलेला काँटॅक्ट क्लीनर पॉटच्या पायांजवळच्या फटीतून अगदी थोडा आत सोडावा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावे. फवारा ज्वलनशील असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, जवळ निरांजन-उदबत्ती नसावी आणि पूर्ण वाळल्याशिवाय वाद्य चालू करू नये. खोबरेल तेल, पेट्रोल किंवा गंजाचा साधा फवारा वापरू नये. खोबरेल तेलावर धूळ आणखी चिकटते. मिक्सरच्या सरकत्या पट्ट्यांना, म्हणजे फेडरना, विशेष जपावे. चुकीच्या फवाऱ्याने त्यांचे मूळ ग्रीस धुऊन जाते आणि ते अडखळू लागतात. त्यांच्यासाठी वेगळे वंगण मिळते.

साफ करूनही दोष राहिला, तर पॉट बदलावा. सुटा करण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. नवा घेताना किती किलोओहमचा, एकेरी की स्टिरिओसाठी दुहेरी, दांडा किती लांब आणि कोणत्या आकाराचा, हे जुळवावे. सर्वात जास्त चुकते ती गोष्ट म्हणजे पॉटची जात. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून व्हॉल्यूमला सहसा 'लॉग' जातीचा पॉट असतो. १०० किलोओहमचा लॉग पॉट मध्यावर ठेवून मोजला तर एका बाजूला साधारण १० ते २० किलोओहमच दिसतात, 'लिनिअर' पॉटला सुमारे ५०. लॉगच्या जागी लिनिअर बसवला तर पहिल्या पाव फेऱ्यातच बहुतेक आवाज वाढतो आणि पुढे बटण नुसते फिरते. आजकालच्या मालावर 'ए' म्हणजे लॉग आणि 'बी' म्हणजे लिनिअर असे लिहिलेले असते, पण जुन्या युरोपीय मालावर उलटेही असे. म्हणून अक्षरापेक्षा मल्टिमीटरवर विश्वास ठेवावा. मोजताना पॉट सर्किटपासून सुटा असावा. काट्याचा जुना मीटर असेल तर उत्तम, झिजलेल्या जागी काटा उडी मारतो ती डोळ्याला लगेच दिसते.

नवा पॉट बसवूनही खरखर राहिली तर दोष पॉटच्या आधीच्या कपॅसिटरमध्ये शोधावा. तो गळू लागला की पॉटवर डीसी व्होल्टेज येते आणि नवी पातीसुद्धा खरखरते. जुन्या तानपुऱ्यात सूर लावायचे बटणही पॉटच असते. ते झिजले की आवाज ठीक राहतो, पण षड्ज हलतो. शिकणाऱ्या मुलाला वाटते आपलाच गळा चुकतोय. माझ्या मते ही खरखरीपेक्षा मोठी हानी आहे. नव्या कीबोर्डांत पुष्कळदा पॉटमधून आवाज जातच नाही, आतला प्रोसेसर त्यावरचे व्होल्टेज वाचतो. तिथे खरखर न होता आवाज उड्या मारतो. आणि जे बटण न अडता गोल गोल फिरत राहते ते बहुधा 'एन्कोडर' असते, त्याच्या जागी पॉट चालत नाही.

एक धोक्याची सूचना. २३० व्होल्ट एसीपासून आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होऊ शकते आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही काळ टिकते. म्हणून मोठे अँप्लिफायर आणि आतच पॉवर सप्लाय असलेली वाद्ये घरी उघडू नयेत, जाणकाराकडेच द्यावीत. सेलवर किंवा वेगळ्या अडॅप्टरवर चालणाऱ्या वाद्यापासून शिकायला हरकत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. सुरुवातीला शेतीची अवजारे, मोबाईल-टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली. वाद्ये त्यात नव्हती. तेव्हा आपली वाद्ये आपणच सांभाळायला हवीत. सुटे भाग आपल्या एस. पी. रोडवर मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, चेन्नईत रिची स्ट्रीटवर. आपल्या सभासदांत कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून आयुष्यभर सोल्डरिंग केलेले हात कितीतरी आहेत, आणि मुलांना तर हौस आहेच. माझी विनंती एवढीच, की दरवर्षी उत्सवाआधीचा एक रविवार मंडळाने या कामासाठी ठेवावा. ज्याच्या माळ्यावर गप्प बसलेली पेटी असेल त्याने ती आणावी. ज्येष्ठांनी दाखवावे, मुलांनी हात चालवावेत. त्यातून दोन तानपुरे जरी परत सुरू झाले, तरी दोन घरांत पुन्हा सकाळी षड्ज लागेल.