शालेय ग्रंथसंग्रहाचे शोधन



पुस्तकास चुकून पाय लागला, तर त्यास हात लावून तो मस्तकी नेण्याचा संस्कार मराठी घरांतून बालपणीच होतो. दसऱ्यास पोथ्यांची पूजा होते. जीर्ण पोथी केरात न टाकता वाहत्या पाण्यात विसर्जित करण्याची चालही जुनी आहे. ज्या समाजाची ग्रंथाविषयीची भावना अशी आहे, त्या समाजात शाळेच्या ग्रंथालयातून काही पुस्तके काढून टाकावीत असे कोणी सुचविले, तर ते प्रथमदर्शनी अप्रिय वाटणे स्वाभाविक होय. तथापि ग्रंथाचा आदर निराळा आणि ग्रंथाचा केवळ संचय निराळा. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे त्याचे फळ बालकास भोगावे लागते.

शाळेची कपाटे कशी भरतात, हे प्रथम पाहावे. काही पुस्तके अनुदानातून येतात, काही बक्षिसादाखल, आणि पुष्कळशी दानरूपाने. घरातील वडीलधारे माणूस निवर्तले म्हणजे त्यांच्या संग्रहातील पुस्तके मुलांच्या उपयोगी पडावीत या सद्हेतूने शाळेस दिली जातात. येण्याचे मार्ग असे अनेक. जाण्याचा मार्ग मात्र एकही नसतो. दाखल नोंदवहीत क्रमांक चढलेले प्रत्येक पुस्तक मोजणीच्या वेळी जागेवर दाखवावे लागते. ग्रंथपालाचे काम सांभाळणारा शिक्षक त्या जबाबदारीच्या भयाने एकही पुस्तक हलवीत नाही. अशा रीतीने पन्नास-साठ वर्षांची भर एकाच खोलीत साचते, आणि नवे पुस्तक आले तर ते ठेवण्यास जागा उरत नाही.

आता त्या भरीत काय असते? १९५५ सालचा नकाशासंग्रह उघडला, तर बेळगाव मुंबई राज्यात, इंदूर व ग्वाल्हेर मध्यभारतात, वडोदरा मुंबई राज्यात, हैदराबाद त्याच नावाच्या राज्यात आणि गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली आढळेल. पुढे १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, १९६० साली गुजरात निर्माण झाले, १९६१ साली गोवा मुक्त झाला व १९८७ साली त्यास घटकराज्याचा दर्जा मिळाला. २०१४ साली हैदराबाद तेलंगणाची राजधानी झाली. इतिहासाच्या अभ्यासकास तो जुना नकाशा मोलाचा आहे. परंतु इयत्ता पाचवीचा विद्यार्थी त्यातच आपले गाव शोधू लागला, तर त्याची केवळ दिशाभूल होईल. खगोलाच्या पुस्तकात प्लूटो अद्याप नववा ग्रह असतो. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने २००६ साली त्यास बटुग्रह ठरविले, याचा त्या पुस्तकास पत्ता नसतो.

या चुका परीक्षेत एखादा गुण गमावण्यापुरत्या आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु सर्वच चुका इतक्या सौम्य नसतात. जुन्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत सर्पदंश झाला असता जखमेस चीर द्यावी, विष चोखून काढावे आणि वर दोरी घट्ट आवळावी, असा उपदेश असे. आजचे वैद्यक हे तिन्ही उपाय घातक मानते. दंश झालेला अवयव हालू न देता, रोग्यास धीर देऊन, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात त्यास विनाविलंब पोहोचविणे हाच मार्ग आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांतले. ज्या खेड्यातील शाळेत असे पुस्तक कपाटात उभे आहे, तेथे ते वाचून एखाद्या मुलाने आपल्या भावाच्या पायास दोरी आवळली, तर त्याचा दोष कोणाकडे जाईल?

दुसरा अपाय देहास नव्हे, मनास होतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. १९५२ साली तो कलंक कायद्यातून पुसला गेला, परंतु पुस्तकांतून पुसला गेला नाही. त्या जमातीतील मुलगा आज त्याच शाळेच्या बाकावर बसतो. शाळेचा शिक्का असलेल्या पुस्तकात आपल्या आजोबांच्या कुळाचे वर्णन चोर म्हणून केलेले त्याने वाचावे, यास ग्रंथप्रेम म्हणता येत नाही.

यावर आक्षेप असा की, आज चुकीचे ठरलेले पुस्तक उद्या इतिहासाचे साधन ठरते. मग ते काढावे कसे? या प्रश्नाचे उत्तर मराठी ग्रंथपरंपरेतच सापडते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. ज्ञानेश्वरीवर त्यांच्याइतकी निष्ठा असणारा दुसरा कोण? तरीही, किंबहुना त्या निष्ठेपायीच, त्यांनी अशुद्ध ते वेगळे काढले. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेली एक जुनी प्रत प्रसिद्ध केली आणि ती अभ्यासकांच्या चर्चेचा विषय झाली. नित्य पाठासाठी शुद्ध प्रत आणि संशोधनासाठी जुनी प्रत, अशी दोन्हींची स्थाने निराळी आहेत. शालेय ग्रंथालय हे पहिल्या प्रकारचे स्थान होय. तेथून पुस्तक काढणे म्हणजे ते जगातून नाहीसे करणे नव्हे. पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांनी १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे उभारले. दुर्मिळ पुस्तकाविषयी प्रथम अशा मोठ्या संग्रहांस विचारावे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. ग्रंथालयास त्यांनी वाढत्या सजीवाची उपमा दिली, आणि सजीव जसा नवे घेतो तसा जुने टाकतोही, हे स्पष्ट केले. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ग्रंथालय विभागाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सहा कसोट्या सांगितल्या आहेत : पुस्तक दिशाभूल करणारे आहे काय, दुरुस्तीपलीकडे फाटले आहे काय, नव्या आवृत्तीने मागे पडले आहे काय, क्षुल्लक आहे काय, त्या वाचकवर्गास गैरलागू आहे काय, आणि अन्यत्र सहज मिळते काय.

या कसोट्या विवेकाने लावाव्यात, केवळ वय पाहून नव्हे. हरि नारायण आपटे यांची कादंबरी जुन्या अनुस्वारांसह छापलेली असली तरी ती कालबाह्य नाही. पाने धड असतील तर तिचे स्थान अढळ आहे. परंतु १९६२ साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले, १९७२ साली त्यांत भर पडली. त्यापूर्वीची शुद्धलेखनाची मार्गदर्शिका मात्र विद्यार्थ्याच्या हाती देणे अयोग्य होय. कथा, काव्य, चरित्र दीर्घायुषी असतात. विज्ञान, आरोग्य, भूगोल, कायदा यांचे आयुष्य अल्प असते. स्थानिक इतिहास, गावची स्मरणिका, शाळेचे जुने वार्षिक हे कितीही जीर्ण झाले तरी जपावे, कारण ते दुसरीकडे मिळत नाही.

हे काम एकट्या शिक्षकावर सोपवू नये. मुख्याध्यापक, विषयशिक्षक व व्यवस्थापनाचा एक प्रतिनिधी यांनी वर्षातून एकदा एकेक विभाग पाहावा, यादी करावी आणि व्यवस्थापनाच्या ठरावाने निर्लेखन करावे, म्हणजे नोंदवहीत कारणासह तशी नोंद करून पुस्तक संग्रहातून कमी करावे. घातक ठरलेले पुस्तक दुसऱ्या गरीब शाळेस दान देऊ नये. जे एका मुलास अपायकारक, ते दुसऱ्यास हितकारक कसे होईल?

मठाच्या भक्तजनांत शाळांचे विश्वस्त आहेत, शिक्षक आहेत, आणि दातेही आहेत. दात्यांनी पुस्तक देण्यापूर्वी शाळेस काय हवे ते विचारावे, आणि दिलेले पुस्तक कायम ठेवण्याची अट घालू नये. वडिलांच्या नावे दिलेला कोश जुना झाला, तर त्यांच्याच नावे त्याची नवी आवृत्ती द्यावी. पहिल्या पानावर तेच नाव पुन्हा लिहिले जाईल. विश्वस्तांनी नोंदवहीचे भय दूर करून शिक्षकास ठरावाचे बळ द्यावे. एवढे झाले, तर कपाट उघडणाऱ्या मुलाच्या हाती जे येईल ते विश्वासार्ह असेल, आणि त्या पुस्तकास तो मस्तक लववील ते सार्थ ठरेल.