मुक्या छायाचित्राची साक्ष



आपल्या पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी एखादे जुने छायाचित्र असते. रस्ता दिसतो, माणसे दिसतात. परंतु पाठीमागे गावाचे नाव नाही की सन नाही. एक म्हणतो, 'हे मुंबईचे', दुसरा म्हणतो, 'पुण्याचे', आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. मी वकील आहे. न्यायाच्या कामी आवाज नव्हे, पुरावा लागतो. तोच नियम छायाचित्रास लावून पाहा.

प्रथम चित्र सुलट आहे काय, याची खात्री करा. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेल्यास डावे ते उजवे होते. दुकानाच्या पाटीवरील अक्षरे ही लबाडी तत्काळ उघडी पाडतात.

नंतर, जे सहसा हलत नाही त्याकडे वळा. समजा, रस्त्याच्या मध्यभागी अश्वारूढ राजपुत्राचा काळा पुतळा आहे आणि तो मुंबईच्या काळा घोडा चौकातील असल्याचे तुम्ही ओळखले. तो १८७९ साली उभारला गेला व १९६५ साली तेथून हलविला गेला. आता तो राणीच्या बागेत आहे. आज त्या भागात दिसणारा घोडा २०१७ सालचा आहे आणि त्याच्या पाठीवर स्वार नाही. म्हणजे स्वार आहे की नाही, एवढ्या लहानशा गोष्टीने काळाचा केवढा फरक पडतो!

आता ट्राम पाहा. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली, विजेची १९०७ साली आणि दुमजली १९२० साली सुरू झाली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. तेव्हा स्वारासह घोडा आणि शेजारून जाणारी दुमजली ट्राम, हे दोन साक्षीदार मिळून तुमचे चित्र १९२० ते १९६४ या काळात आणून ठेवतात. नुसत्या रुळांवर मात्र विसंबू नका. ट्राम बंद झाली म्हणून रूळ त्याच दिवशी उखडले जात नाहीत. तसेच वरची तार दिसत नाही म्हणून ती नव्हतीच, असेही म्हणू नका. पुसट चित्रात बारीक तार हरवते. तिचे खांब शोधा.

घरातील वृद्धांची साक्ष अवश्य घ्या. परंतु 'आजी, हा काळा घोडाच ना?' असे विचारू नका. हा सूचक प्रश्न झाला. त्यात उत्तर तुमचेच असते. 'आजी, हे कोठले?' एवढेच विचारा आणि थांबा.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. जागा सिद्ध झाली म्हणजे व्यक्ती सिद्ध झाली, असे नव्हे. आपल्या कितीतरी पूर्वजांनी या शहराचे रस्ते झाडले, गोदीत ओझी वाहिली. त्यांची नावे कोणी चित्राखाली छापली नाहीत. म्हणून कडेला उभ्या असलेल्या पाठमोऱ्या मजुराकडे बोट दाखवून 'हेच आमचे पणजोबा' असे म्हणावेसे वाटते. हा मोह मी समजू शकतो. तथापि ज्यांच्याविषयी इतरांनी इतके खोटे लिहिले, त्यांच्याविषयी आपण तरी खोटे लिहू नये.

म्हणून पाठीमागे मऊ पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: काय सिद्ध झाले, काय संभवते आणि कोणी केव्हा सांगितले. नावाची खात्री नसेल तर ती जागा कोरी ठेवा. उद्या तुमच्या नातीला पुरावा सापडला, तर ती तेथे खरे नाव लिहील.