फातिमा की फातमा?



आपल्या गल्लीत फातिमा नावाच्या बायका पुष्कळ. हाक मारताना मात्र साऱ्या फातमाबी. नाव अरबी, पैगंबरांच्या कन्येचे. लेकराचे अंगावरचे दूध तोडणे, या अर्थाच्या धातूपासून ते आले. किती घरगुती अर्थ हा!

मग मधली वेलांटी गेली कुठे? निजामी अमदानीत, म्हणजे १९४८ पर्यंत, आपल्या जिल्ह्याचे दफ्तर उर्दूत. त्या लिपीत ऱ्हस्व इकाराची खूण, जेर, बहुधा कोणी देतच नाही. वाचणारा आपल्या जिभेप्रमाणे वाचतो. तुर्कस्तानातही फात्मा म्हणतात, इराणात फातेमे. गोव्यातल्या ख्रिस्ती फातिमांचे नाव मात्र सायबिणीवरून, पोर्तुगालातल्या फातिमा गावामार्गे आलेले. सावित्रीबाईंनी १८५६ च्या पत्रात जिची काळजी केली, तीही फातिमाच.

तेव्हा एका कागदावर फातिमा, दुसऱ्यावर फातमा दिसले म्हणून एका बाईच्या दोन बायका होत नाहीत. माझ्या शेजारणीचे निराधार अनुदान या एका वेलांटीपायी अडले आहे. दोन्ही नावे तिचीच, असे प्रतिज्ञापत्र मी लिहून ठेवले आहे. बुधवारी तिच्याबरोबर कचेरीत जायचे आहे. आणखी दोघीतिघी याल का?