चार भिंतींतील उपग्रह



वाटसरूला मार्ग दाखवणारा जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतो. त्याचा संदेश ६७ सहस्रांश सेकंदांत जमिनीवर पोहोचतो, पण अत्यंत क्षीण होऊन. एका वॅटचे एक कोटी भाग करावेत, त्यांतील एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत. अशा एखाद-दुसऱ्या कणाएवढी ही शक्ती! उघड्या आकाशाखाली ती पुरते. पोलादी छप्पर मध्ये आले की हरवते.

विमानाची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाला मात्र हँगरच्या आतच यंत्र तपासायचे असते. त्यासाठी दोन उपाय आहेत. पहिला रिपीटरचा. छतावरील अँटेना संदेश झेलते, तो केबलने आत येतो आणि प्रवर्धित होऊन दुसऱ्या अँटेनातून पसरतो. गंमत अशी, की आत दहा कोपऱ्यांत दहा यंत्रे ठेवली तरी सर्व छतावरील अँटेनाचेच स्थान सांगतात. केबलमधील विलंब सर्व उपग्रहांच्या संदेशांना सारखाच होत असल्याने यंत्र तो आपल्या घड्याळाची चूक समजते. स्थान तेच राहते. वेळ मात्र ३० मीटर केबलमागे सुमारे १५० नॅनोसेकंदांनी मागे पडते.

दुसरा उपाय सिम्युलेटरचा. त्याला आकाशाची गरजच नाही. हव्या त्या स्थळाचे, हव्या त्या दिवसाचे संदेश तो गणिताने निर्माण करतो. हिमालयावरील उड्डाणाची परीक्षा प्रयोगशाळेतील टेबलावर घेता येते.

साधने उपकारक खरी. पण भिंतीबाहेर निसटली की तीच घात करतात. २०१० साली जर्मनीतील हॅनोव्हर विमानतळावर एका हँगरमधील रिपीटरच्या लहरी बाहेर पडल्या आणि जमिनीवरून जाणाऱ्या विमानांच्या जीपीएसमध्ये गडबड उडाली. २०१७ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे याच विषयातील तज्ज्ञांची परिषद भरली असता प्रदर्शनातील एका सिम्युलेटरचा संदेश गळू लागला. उपस्थितांचे मोबाइल आपण फ्रान्समधील तुलूझजवळ असून २०१४ चा जानेवारी चालू आहे, असे दाखवू लागले!

ग्राहकयंत्र असे का फसते? खरा संदेश इतका दुर्बळ, की जवळचा किरकोळ प्रक्षेपकही त्याला दडपून टाकतो. युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीने २०२५ साली संदेशाची सत्यता पडताळणारी सेवा सुरू केली. बनावट संदेश तीत उघडा पडू शकतो. रिपीटर मात्र अस्सल संदेशच पुन्हा उच्चारतो, म्हणून केवळ स्वाक्षरी तपासून तो ओळखता येत नाही.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही. २०२३ साली प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ‘एनव्हीएस-०१’ने ‘नाविक’ प्रणालीत १५७५.४२ मेगाहर्ट्झची लहर आणली. जीपीएसही याच लहरीवर बोलतो. त्या पट्ट्यातील गळती दोघांनाही बाधते.

उपाय शिस्तीचा आहे. अमेरिका व ब्रिटनमध्ये रिपीटरला परवाना लागतो. सिम्युलेटर शक्यतो केबलनेच जोडावा, अन्यथा लहरी अडवणाऱ्या बंदिस्त कक्षात चालवावा. रिपीटरची शक्ती किमान ठेवावी, इमारतीबाहेर मोजणी करावी आणि काम संपताच तो बंद करावा. आतल्या माणसाची सोय तेथे होते. पण बाहेरून जाणाऱ्या विमानातील प्रवाशाला त्या भिंतीआड काय चालले आहे, हे कधीच कळत नसते. त्याच्या सुरक्षेचे दायित्व यंत्र चालू करणाऱ्या हातावरच असते.