कचरा वेचणाऱ्या हातांचा हिशेब
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



विषय कचऱ्याचा आहे असे म्हणताच मागच्या रांगेत हसू उमटले. हरकत नाही. पण गेल्या १४ एप्रिलची रात्र आठवा. मिरवणूक झाली, भोजनदान झाले, आपण सारे समाधानाने घरी गेलो. मैदानात पत्रावळ्या, द्रोण आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या ग्लासांचा खच पडला होता. पहाटे आम्ही काही कार्यकर्ते मंडपाचे सामान मोजायला गेलो, तेव्हा चार बाया खांद्याला गोणी अडकवून ते ग्लास वेचत होत्या. त्यांतल्या दोघी रात्री आपल्याच पंगतीला होत्या. ओळख द्यावी की न द्यावी, अशा विचारात आम्ही पडलो. त्यांनीच "जय भीम, दादा" म्हटले आणि आमची मान खाली गेली.

या बाया या धंद्यात कशा आल्या? १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर आणि आपल्या नगर जिल्ह्यातली कितीतरी भूमिहीन कुटुंबे शहरांकडे लोटली. शेती नाही, शिक्षण नाही, ओळखीचा मुकादम नाही. कचराकुंडीपाशी मात्र कोणी अर्ज मागत नाही. म्हणून या कामात बहुसंख्येने स्त्रियाच दिसतात, आणि त्याही बहुतेक दलित समाजातल्या.

बाई सकाळी पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, काच, पत्रा वेचते. घरी आणून निवडते, कारण न निवडलेल्या मालाला भाव नाही. किरकोळ भंगारवाला तो वजनावर घेतो, त्याच्याकडून ठोक व्यापारी आणि तिथून कारखाना. अडीनडीला भंगारवाला उचल देतो, आणि मग माल त्यालाच द्यावा लागतो, भाव तो म्हणेल तो. या साखळीत हात सर्वांत घाण ज्याचा, पैसा सर्वांत कमी त्याला. शिवाय तिने उचललेला माल गाडीत भरावा लागत नाही, बुरुडगावच्या डेपोपर्यंत न्यावा लागत नाही. तेवढे डिझेल आणि तेवढी जागा वाचते, ती कोणाच्या खाती जमा होते?

हा हिशेब पुण्यात मांडला गेला. १९९३ च्या मे महिन्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली तिथे कचरावेचकांचे अधिवेशन झाले, आठशेहून अधिक लोक आले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातल्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने या कामात होत्या. पुढे महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळाली. चोरीच्या संशयावरून हटकणाऱ्या पोलिसापुढे ते कार्ड धरता येऊ लागले, ही गोष्ट आपल्याला लहान वाटते, त्या बाईला नाही. २००१ च्या एका अभ्यासात, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने, असे दिसले की प्रत्येक वेचक दरमहा २४६ रुपयांचे श्रम महापालिकेला फुकट देते. २००८ मध्ये त्याच बायांच्या मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि दारोदार कचरा घेण्याचे काम व त्याचे शुल्क त्यांच्याकडे आले. कुंडीत वाकण्याऐवजी दारात उभे राहून ताठ मानेने कचरा मागायचा, एवढाच फरक. पण तो फार मोठा आहे.

जगात इतरत्रही हेच घडले आहे. कोलंबियातील बोगोटा शहराच्या वेचकांनी कोर्टात वर्षानुवर्षे झगडून कामाचा मोबदला मिळवला. ब्राझीलने २००२ मध्ये या कामाची व्यवसाय म्हणून अधिकृत नोंद केली. उलट इजिप्तमध्ये कैरोच्या जब्बालीन लोकांचे काम परदेशी कंपन्यांना दिले गेले. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांना त्याची झळ बसली आणि शहरही काही स्वच्छ झाले नाही.

आता आमच्याच एका तरुण कार्यकर्त्याचा आक्षेप. तो म्हणाला, "१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडा म्हणून सांगितले, आणि तुम्ही त्याच कामाची संघटना करता?" आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो झटकून टाकत नाही. पण पन्नाशीच्या निरक्षर विधवेला उद्यापासून सोड म्हणायचे, तर परवा तिच्या चुलीत काय? काम तिचे आहे तोवर त्याला हातमोजे, दाम आणि दाखला असावा. सोडायचे आहे ते तिच्या मुलीने. ती आज आईबरोबर गोणी धरून जाते, हे आपले खरे दुखणे.

आणि वस्तू फेकण्याबद्दल धम्मात काय आहे? विनयपिटकात उदयन राजा आनंदाला विचारतो, एवढ्या चीवरांचे काय करणार? आनंद सांगतो, ज्यांची जुनी झाली त्यांना देऊ. जुन्यांचे? अंथरुणावरचे आच्छादन. मग गादीची खोळ, मग बिछायत, मग पायपुसणे, मग झटकणे. तेही फाटले की मातीत कालवून जमीन लिंपू. राजगृहाचा सुनीत निर्माल्य झाडून पोट भरणारा. भगवंतांनी त्याला संघात घेतले. आपण ही कथा सांगतो, आणि सुनीत समोर उभा राहिला की नाकाला रुमाल लावतो.

कायदा आता बाजूने आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वेचकांना मान्यता व ओळखपत्र देण्याचे काम स्थानिक संस्थांवर टाकले. २०२४ पासून केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत त्यांची नोंद होऊ लागली. अस्वच्छ व्यवसायातील पालकांच्या मुलांना पहिली ते दहावीपर्यंत शिष्यवृत्ती आहे. तिला ना जातीची अट, ना उत्पन्नाची. अडते ते पालकाच्या कामाच्या दाखल्यावर, कारण या बाईला मालकच नाही, मग दाखला कोण देणार? ओळखपत्र हवे ते यासाठी.

म्हणून दर रविवारी सकाळी दहाला विहारात अर्जांचे टेबल मांडायचे आम्ही ठरवले आहे. नववी-दहावीच्या मुलांनी अर्ज भरावेत, आम्ही महापालिकेत खेपा घालू. पुढच्या जयंतीला स्टीलचे पेले भाड्याने आणायचे आहेत, त्याची वर्गणी खजिनदारांकडे द्यावी. आणि त्या चौघींपैकी एकजण आज या सभेला आली आहे, दाराजवळ उभी आहे. पुढे जागा आहे, बाई, इकडे या.